खाडा कोण भरणार?

विश्रांतीचा व्यवसाय सध्या जोरात आहे. वेलनेस केंद्रं काढणारे आपले अनुभव सांगू लागले की एक धडा हमखास ऐकू येतो: लोकांना ‘नाही’ म्हणता येत नाही म्हणून ते थकतात, तेवढी सवय लावून घ्या, विश्रांती आपोआप मिळेल. चकलांब्यात बसून हे ऐकताना मला राग येतो.

गेवराई तालुक्यातल्या आमच्या या भागातून दसरा-दिवाळी झाली की बिऱ्हाडं ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल लग्नात, दवाखान्यात कधीच खर्चून गेलेली. बाई पहाटे उठून भाकरी थापते, दिवसभर फडात ऊस तोडते, मोळ्या बांधते आणि गाडी रात्री लागली तर रात्री मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून वर चढते. ताप आला, पाळी आली म्हणून एक दिवस कोपीत पडून राहिली, तर मजुरी बुडतेच, वर खाड्याचे, म्हणजे गैरहजेरीच्या दंडाचे, पैसे उचलीच्या हिशेबात चढतात. हिला ‘नाही’ म्हणायला शिकवायचं? ते तिला येतं. त्याची किंमतही तिला तोंडपाठ आहे.

२०१९ साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीपुढे बीड जिल्ह्याचे आकडे आले. पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली होती. त्यामागे कर्करोगाची भीती घालणारे दवाखाने होते, कमी वयातली लग्नं होती, हे खरंच. पण खाड्याचा धाकही होता. महिन्याचे चार दिवस परवडत नाहीत म्हणून बाईने अवयव काढून टाकायचा, आणि आपण सवयींविषयी बोलायचं?

कोणी म्हणेल, हा सल्ला पुण्यातल्या नोकरदारासाठी आहे. असेल. पगारी रजा असलेल्या माणसाला तो कदाचित उपयोगीही पडेल. पण मग नोकरदाराला ‘नाही’ म्हणता येतं ते त्या रजेच्या जोरावर. तिथेच घरोघर जेवण पोचवणाऱ्या पोराने एक दिवस ‘नाही’ म्हटलं, तर त्याची त्या दिवसाची कमाई शून्य. मनाचा कणखरपणा दोघांचा सारखाच धरला तरी फरक उरतो तो खाडा कोण भरतं याचा. विश्रांतीने काम वाढतं म्हणून ती द्या, असं सांगणारे तर मालकाचीच बाजू मांडतात. आणि कष्टकऱ्याला झोप आपसूक लागते म्हणणाऱ्यांनी एक रात्र फडावर काढावी.

विश्रांतीच्या या व्यवसायातला खरा धडा गांधीजी १९४६ सालीच शिकले होते. पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रात गरिबांवर उपचार करायचे, असं त्यांनी आधी ठरवलं होतं. खेड्यातल्या गरिबाचं काम शहरात बसून व्हायचं नाही, हे लवकरच त्यांच्या ध्यानात आलं. मार्चमध्ये ते उरुळी कांचनला गेले. तिथे आश्रम उभा राहिला, मणिभाई देसाईंनी तो वाढवला. जागा बदलण्याचा तो निर्णय मला फार मोठा वाटतो. तरीही आश्रम गावात आला म्हणून रोजंदारीवरच्या माणसाला तिथे आठ दिवस राहता येतं असं नाही. त्याचा रोज कोण भरणार?

म्हणून मी विश्रांतीची सोय आणि विश्रांतीची मुभा या दोन गोष्टी वेगळ्या धरतो. खोली, शांतता, तेलाचं मालिश ही सोय. ती विकता येते, आणि प्रामाणिकपणे विकणाऱ्याबद्दल माझी तक्रार नाही. काम थांबवलं तरी घर चालू राहणं ही मुभा. ती कोणत्याही केंद्रात विकत मिळत नाही, ती मिळवावी लागते. नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांना घेऊन ती मागितली, तेव्हा कुठे १० जून १८९० ला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, आणि तो वाढायलाच हवा होता. पण दर मिळतो तोडलेल्या टनाला. पडून राहिलेल्या दिवसाला तो शून्यच असतो. साखर संघ आणि कामगार संघटना पुढच्या करारासाठी बसतील, तेव्हा प्रत्येक कोयत्याला महिन्याचे चार दिवस भरपगारी आणि बिनखाड्याचे, हे कलम पहिल्या पानावर लिहून घ्या.