अनुताप कधी सुरू होतो?

केलेली चूक मनाला टोचत राहिली, एवढ्यावर अनुताप झाला असे म्हणता येईल का? परमार्थात हा प्रश्न नवा नाही. पण एका परदेशी सायकलपटूची हकीकत वाचताना तो मला पुन्हा पडला. त्याचा पंढरीशी काही संबंध नाही. मनाच्या खोडी मात्र सगळीकडे सारख्याच, म्हणून ती हकीकत वाचकांपुढे ठेवतो.

डेव्हिड मिलर हा ब्रिटनचा सायकलपटू. 'टूर द फ्रान्स' ही तीन आठवडे चालणारी शर्यत रस्त्यावरच्या सायकल शर्यतींत सर्वांत मोठी मानतात. २००० साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याने तिचा पहिलाच टप्पा जिंकला आणि आघाडीवरच्या खेळाडूला मिळणारी पिवळी जर्सी अंगावर घातली.

त्या काळी या खेळात 'ईपीओ' नावाचे औषध चोरून घेण्याची रीत बोकाळली होती. मूत्रपिंडाच्या रोग्यांचे रक्त कमी होते, त्यांच्यासाठी हे औषध निघाले. त्याने रक्तातील तांबड्या पेशी वाढतात आणि स्नायूंना प्राणवायू अधिक मिळतो. आजाऱ्याचा हा आधार धडधाकट माणसे जिंकण्यासाठी टोचून घेत.

मिलर आरंभी याच्या विरुद्ध होता. त्याला सुईच नको असे. मग थकवा जावा म्हणून जीवनसत्त्वांची सुई घेतली. त्यात नियमभंग नव्हता, पण सुईचा संकोच गेला. २००१ च्या टूरमध्ये तो पहिल्याच दिवशी पडला, दुखऱ्या अंगाने काही दिवस रेटले आणि अखेर शर्यत सोडली. मन खचलेले असताना 'सगळेच घेतात' हा विचार खरा वाटू लागतो. त्याच वर्षी त्याने ईपीओ घेतले.

२००३ साली कॅनडातील हॅमिल्टन येथे, घड्याळाविरुद्ध एकट्याने चालवायच्या शर्यतीत तो जगज्जेता झाला. तपासणीत काही सापडले नाही. कधीच सापडले नव्हते. जग फसले होते. पण त्याने दोन रिकाम्या सुया फेकून न देता घरी जपून ठेवल्या. आपण काय झालो आहोत, याची स्वतःला आठवण राहावी म्हणून!

जून २००४ मध्ये त्याच्या संघाविषयीच्या चौकशीत फ्रान्सच्या पोलिसांनी बिआरित्झ येथील त्याच्या घराची झडती घेतली, तेव्हा त्याच सुया हाती लागल्या. सुमारे दोन दिवसांच्या कोठडीनंतर त्याने सारे कबूल केले. जगज्जेतेपद गेले, नोकरी गेली, दोन वर्षांची बंदी आली.

कोणी म्हणेल, सापडला म्हणून बोलला, यात अनुताप कसला? हा आक्षेप खरा आहे. सुया घरात होत्या तोवर त्याला खंत होती, अनुताप नव्हता. खंत आतल्या आत राहते आणि माणसाला वाटते, आपण वाईट नाही, बघा आपल्याला किती लागते! ती खंतच त्याची पांघरूण होते. कोठडीतल्या कबुलीनेही अनुताप पुरा झाला असे मी म्हणणार नाही. त्याचा कस पुढे लागला.

२००६ मध्ये तो परतला. औषधांविरुद्ध कडक शिस्त ठेवणाऱ्या संघात गेला, उत्तेजकांविरुद्धच्या जागतिक संस्थेच्या खेळाडू समितीवर काम केले, पुस्तक लिहून आपली घसरण सांगितली. १३ जुलै २०१२ रोजी त्याने टूरचा एक टप्पा जिंकला. पंचेचाळीस वर्षांपूर्वी याच तारखेला टॉम सिम्प्सन हा त्याचाच देशबांधव, उत्तेजक घेतलेल्या अवस्थेत, व्हाँतू पर्वताच्या चढावर कोसळून मेला होता. त्या विजयाच्या दिवशीही मिलरने आपला पूर्वीचा दोष लपवला नाही, उलट स्वतःच सांगितला. तेव्हा त्याला कोणी कोठडीत बसवलेले नव्हते.

तरी एक गोष्ट उरतेच. हॅमिल्टनला दुसरा आलेला मायकेल रॉजर्स पुढे जगज्जेता ठरला, पण शर्यत संपताक्षणी पहिल्या पायरीवर उभे राहण्याचा तो दिवस त्याला कोण परत देणार? खरा अनुताप झाला तरी दुसऱ्याचे काही नुकसान भरून येत नाही. ते मान्य करून जगणे हाही अनुतापाचाच भाग.

आता आपल्याकडे वळू. वारीत शर्यत नाही, पहिला-दुसरा नाही, म्हणून आपण या गोष्टीबाहेर आहोत असे नाही. कीर्तनात आपले डोळे भरून येतात, टाळ हातातच राहतो. ते अश्रू खोटे नसतात. पण ज्या शेजाऱ्याचा बांध कोरला, ज्या भावाचा हिस्सा दाबला, त्याच्या दारात जाऊन आपण 'चुकलो' म्हणतो का? कोरलेला बांध मागे घेतो का? नसेल तर आपणही सुया घरात जपून ठेवल्या आहेत, एवढेच.

पंढरीची वाट धरण्याआधी त्या दारापर्यंतची चार पावले चालून यावीत. पांडुरंग विटेवर उभा आहेच. तो तोवर थांबेल.