ईश्वरेच्छा की आपली कुचराई?

आपल्या मंडळ्यांत दफनविधीच्या वेळी ‘जशी ईश्वराची इच्छा’ हे शब्द हटकून उच्चारले जातात. ते शब्द खरे आहेत, आणि शोकाकुल अंतःकरणास त्यांपासून जो धीर मिळतो तो दुसऱ्या कशानेही मिळत नाही. तथापि जे शब्द फार पवित्र असतात त्यांच्याच आड मनुष्य आपली कसूर सहज लपवू शकतो. मी स्वतः ती तशी लपविली आहे, आणि ह्या लेखात प्रथम तीच कबूल करणे मला प्राप्त आहे.

अंथुर्णे व आसपासच्या वाड्यांवरील आमच्या मंडळीत एक बहीण होती. तिचे नाव देत नाही. सर्व तिला मावशी म्हणत. वय बावन्न. पाळी जाऊन तीन वर्षे झाली असता तिच्या अंगावरून पुन्हा लाल जाऊ लागले. सात महिने तिने ही गोष्ट सुनेखेरीज कोणासही कळू दिली नाही. शेवटी अशक्तपणाने ती खुरपणीच्या पातीवरच बसली, तेव्हा तिला दवाखान्यात नेले, व तेथून शहरातील एका मोठ्या रुग्णालयात. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग निघाला. डॉक्टरांनी सांगितले की रोग पुढे गेला आहे, परंतु हाताबाहेर गेलेला नाही. पंचवीस दिवस बाहेरून किरण द्यावे लागतील व मग काही वेळा आतून. सरकारी योजनेमुळे औषधोपचारास पैसा पडणार नव्हता.

पहिला आठवडा नवरा सोबत राहिला. त्याची मजुरी बुडाली. दुसरा आठवडा मुलगा राहिला. तिसऱ्या आठवड्यात कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला आणि मुलाला मालकाने बोलावून घेतले. शनिवारी मावशी त्याच्याबरोबर घरी आली ती परत गेली नाही. रक्त थांबले होते, भूक लागत होती, ती म्हणाली, ‘‘आता बरे वाटते.’’ मी तिच्या घरी गेलो, प्रार्थना केली, आणि प्रभूने बरे केले म्हणून सर्वांसमक्ष उपकारस्तुतीही केली. किती वेळ किरण घ्यावयाचे राहिले, हे मी विचारले नाही. चार महिन्यांनी रक्त पुन्हा सुरू झाले. पुढचा नाताळ तिने पाहिला नाही.

दफनाच्या वेळी मी ईश्वरेच्छेविषयी बोललो. सर्व मंडळी परतल्यावर तिची सून माझ्याजवळ आली व हळूच म्हणाली, ‘‘पाळकसाहेब, बारा दिवस राहिले होते. ते बारा कोणाच्या इच्छेने राहिले?’’ त्या प्रश्नास मी त्या दिवशी उत्तर दिले नाही. आज देण्याचा प्रयत्न करतो.

प्रथम हा उपचार काय आहे हे समजून घ्यावे; कारण अज्ञानाने केलेली गोष्टही जीव घेते. आपले लोक ह्याला ‘लाइट देणे’ किंवा ‘शेक देणे’ म्हणतात. यंत्रातून निघणारे किरण डोळ्यांना दिसत नाहीत व देताना दुखत नाही. ते रोगट पेशींना मारतात, परंतु निरोगी पेशींनाही इजा करतात. म्हणून सर्व मात्रा एकदम न देता ती थोडी थोडी, आठवड्यातून पाच दिवस, अशी सुमारे पाच आठवडे देतात. मधल्या वेळात निरोगी पेशी सावरतात. रोगट पेशींना तितके सावरता येत नाही. मध्येच खंड पडला तर उरलेल्या रोगट पेशी पुन्हा वाढू लागतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बाहेरचे व आतले किरण मिळून सर्व क्रम आठ आठवड्यांत पुरा व्हावा असा नियम आहे. त्यापुढे लांबणाऱ्या दर दिवसाने रोग आटोक्यात येण्याचा संभव शेकडा सुमारे एकाने घटतो. कालव्याखालच्या रानात हरळी ज्यांनी उपटली आहे त्यांस हे निराळे सांगावयास नको. वरवर खुरपून सोडले तर चार दिवस रान स्वच्छ दिसते. मावशीचे रक्त थांबले ते असेच.

आणि पुरा केलेला उपचार व्यर्थ नसतो. मुंबईस परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडलेल्या टाटा स्मारक रुग्णालयाने ह्याच रोगाच्या, ह्याच पुढे गेलेल्या अवस्थेतील ८५० स्त्रियांचा अभ्यास करून तो २०१८ साली प्रसिद्ध केला. ज्यांस केवळ किरण दिले त्यांपैकी शेकडा ४६, आणि ज्यांस किरणांबरोबर दर आठवड्यास औषधही दिले त्यांपैकी शेकडा ५४ स्त्रिया पाच वर्षांनंतर जिवंत होत्या. म्हणजे तिसऱ्या अवस्थेतील स्त्रीविषयीही ‘आता काय उरले’ असे म्हणण्याचा आपणांस अधिकार नाही.

आता काही विश्वासू बंधु म्हणतात की, देवावर भरवसा असल्यास वैद्याकडे धाव कशाला? ते इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकातील आसा राजाचा दाखला देतात, की तो पायांच्या रोगात वैद्यांकडे गेला म्हणून दोषी ठरला. परंतु तो भाग नीट वाचावा. आसाचा दोष वैद्याकडे जाण्याचा नाही, परमेश्वराकडे न जाण्याचा आहे. ह्याच्या उलट हिज्कीया राजाचे पाहा. त्याने अश्रु ढाळून प्रार्थना केली. त्याच्या आयुष्यात पंधरा वर्षांची भर पडेल असे वचन देवाने दिले. आणि वचन मिळाल्यावरही यशया संदेष्ट्याने गळवावर अंजिराचे पोटीस बांधण्यास सांगितलेच. देवाचे वचन आणि अंजिराचे पोटीस ह्यांत संदेष्ट्यास विरोध दिसला नाही. मग प्रार्थना आणि यंत्र ह्यांत आपणांस तो का दिसावा? यंत्रातील किरण देवाच्याच सृष्टीतले आहेत.

दुसरा अडथळा लाजेचा. मार्काच्या पाचव्या अध्यायातील रक्तस्रावी स्त्रीची गोष्ट आपण शब्बाथशाळेत मुलांस शिकवितो, परंतु आपल्या घरातील स्त्रियांस ती लागू करीत नाही. बारा वर्षे तिचे दुखणे. होते नव्हते ते वैद्यांवर खर्चून ती अधिकच खंगली. आणि शेवटी गर्दीत मागून, चोरून, प्रभूच्या वस्त्रास शिवली. प्रभूने तिला तसेच गुपचूप जाऊ दिले असते तर ती शरीराने बरी झालीच होती. तरी त्याने थांबून तिला पुढे बोलाविले, सर्व सत्य बोलू दिले, आणि कन्या म्हणून हाक मारली. ज्या आजाराविषयी स्त्रीने बोलू नये असा लोकरिवाज होता, त्याविषयी प्रभूने भर रस्त्यात तिचे ऐकून घेतले. आमच्या मावशीने सात महिने तोंड उघडले नाही, ह्याचा अर्थ आमच्या मंडळीत तिला तसे ऐकून घेणारे कोणी भासले नाही. हा तिच्यापेक्षा आमचा न्याय करणारा पुरावा आहे.

येथे आणखी एक कटु गोष्ट लिहिणे भाग आहे. मुलगा आजारी पडला तर आपण म्हैस विकतो. घरची बाई आजारी पडली तर ‘बघू, हंगाम उरकू दे’ म्हणतो. आणि ती बाईही तेच म्हणते, कारण जन्मभर तिला तेच शिकविलेले असते. तिच्या ह्या संमतीस आपण तिची सोशिकता म्हणून वाखाणतो. अशा वाखाणणीत काही पाप आहे की नाही, हे प्रत्येक घरधन्याने गुडघे टेकून स्वतःस विचारावे.

आता मुख्य प्रश्न. उपचार फुकट, यंत्र उपलब्ध, तरी ती परत गेली नाही. मग दोष तिचा नव्हे काय? गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल दोन गोष्टी जवळजवळ सांगतो: एकमेकांचे ओझे उचलण्याची आज्ञा, आणि लगेच, प्रत्येकाने आपला भार आपणच वाहावा हे वचन. वाचणाऱ्यास विरोध भासतो. परंतु मूळ ग्रीकमध्ये दोन निराळे शब्द आहेत. पहिला एका माणसास न पेलणाऱ्या जड ओझ्याचा, दुसरा ज्याच्या त्याने काखेत मारावयाच्या गाठोड्याचा. रोग न लपविणे, वेळेवर दाखविणे, यंत्राखाली निजणे, हे मावशीचे गाठोडे होते. ते दुसरा कोणी उचलू शकत नव्हता. परंतु पाच आठवडे परक्या शहरात सोबत, राहण्याची जागा, दोन वेळचे जेवण, बुडालेली मजुरी, घरी नातवंडांकडे पाहणारे माणूस, हे ओझे होते. आणि ते आम्ही एकट्या कुटुंबावर सोडले. सरकारी योजना रुग्णालयाचा खर्च भागवील. पंचवीस दिवस रुग्णाशेजारी बसणारे माणूस ती कोठून देईल? लूकाच्या शुभवर्तमानातील शोमरोन्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला तेवढ्यावर तो थांबला नाही. उतारशाळेत नेले, रात्रभर जपले, दुसऱ्या दिवशी पैसे ठेवले, आणि अधिक लागेल ते परत येताना भरीन असा शब्द दिला. मी मावशीसाठी तेल ओतून घरी गेलो होतो.

असे काम खेड्यांतून होऊ शकते ह्याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. इंदापूर, टेंभुर्णी, कुर्डुवाडी ह्या वाटेने गेले असता बार्शी लागते. तेथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात १९८७ साली टाटा रुग्णालयाच्या साहाय्याने बार्शी, परांडा व भूम ह्या तालुक्यांतील ३४६ गावांची कर्करोग नोंदणी सुरू झाली. खेड्यांपुरती अशी नोंदणी भारतात ही पहिलीच. नोंद करणारे कार्यकर्ते कचेरीत बसून राहिले नाहीत. ते गावोगाव फिरले, माणसांस एकत्र बसवून रोगाची लक्षणे सांगितली, आणि ज्यांच्याविषयी संशय आला त्यांस रुग्णालयापर्यंत आणले. काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या अधिक स्त्रिया लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्याचे दिसले. आणि हे मुख्यतः बोलण्याने झाले. पुढे १९९९ पासून उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, ३० ते ५९ वर्षे वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे, ज्या गटास ह्या रोगाच्या विषाणूची तपासणी एकदाच देऊ केली, त्यात ह्या रोगाने झालेले मृत्यु तपासणी न झालेल्या गटाच्या सुमारे निम्मे होते. त्या स्त्रिया आपल्यासारख्याच शेतकरी-मजुरांच्या घरच्या होत्या.

सोबतीविषयी म्हणाल, तर मुंबईत दादर येथे संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा टाटा रुग्णालयात येणाऱ्या गरीब रुग्णांस व त्यांच्या माणसांस आसरा देते. ते आपल्या पंथाचे नव्हते. परंतु शोमरोनीही यहूद्यांच्या पंथाचा नव्हता, आणि प्रभूने त्याच्याकडेच बोट दाखविले.

ह्यावरून कोणी असे समजू नये की उपचार पुरा केला म्हणजे प्रत्येक जण वाचतो. तसे नाही. वर सांगितलेल्या आकड्यांतच जे वाचले नाहीत त्यांचीही संख्या आहे. रोग फार पसरल्यावर किरण बरे करण्यासाठी नव्हे, तर वेदना व रक्तस्राव कमी करण्यासाठी थोडेच दिवस देतात. आणि तीही मोठी दया आहे. जेव्हा डॉक्टरांनी, घरच्यांनी व मंडळीने आपापला वाटा उचललेला असतो, आणि तरीही प्रभु आपल्या लेकरास बोलावतो, तेव्हा ‘जशी ईश्वराची इच्छा’ हे शब्द निर्मळ तोंडाने उच्चारता येतात. त्यापूर्वी ते उच्चारणे म्हणजे आपला दोष देवाच्या माथी मारणे होय.

म्हणून उपदेशक बंधूंस, बायबलबाईंस व पंचांस माझी विनंती आहे. स्त्रियांच्या प्रार्थनासभेत वर्षातून दोनदा तरी उघडपणे सांगावे: पाळी गेल्यावर लाल जाणे, संबंधानंतर रक्त दिसणे, दुर्गंधीयुक्त पाणी जाणे, स्तनात गाठ लागणे, तोंडातील व्रण तीन आठवड्यांत न भरणे, ही लक्षणे लपवू नयेत, इंदापूर किंवा बारामतीच्या सरकारी रुग्णालयात दाखवावे. तिशी ओलांडलेल्या बहिणींनी काही होत नसतानाही तपासून घ्यावे. कोणास किरणोपचार सांगितला तर त्याच आठवड्यात पंचांनी बसून पाच घरे ठरवावी. प्रत्येक घराने एक आठवडा सोबतीस माणूस द्यावे, आणि त्याची मजुरी मंडळीच्या पेटीतून द्यावी. घरोघर बाजूला काढलेल्या मूठभर धान्याचे दान ह्याहून चांगल्या कामी क्वचितच लागेल. रेल्वेत कर्करोग्यास व त्याच्या सोबत्यास तिकिटाची सवलत असते. तिचा कागद रुग्णालयातून मागून घ्यावा. आणि पाळकाने भेटीस गेल्यावर प्रार्थनेपूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा: किती दिवस झाले, आणि किती राहिले?

त्या सुनेस आता मी उत्तर देऊ शकतो. मुली, ते बारा दिवस देवाच्या इच्छेने राहिले नाहीत. ते आमच्या कुचराईने राहिले, आणि त्यांत पहिला वाटा माझा होता. प्रभु मला क्षमा करो, आणि ह्या मंडळीतील पुढच्या बहिणीचे पंचवीसच्या पंचवीस दिवस पुरे होईपर्यंत तिच्या सोबतीस राहण्याची सुबुद्धि आम्हां सर्वांस देवो.