दशांशानंतरचा आकडा

कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर मित्राच्या गाडीला मी घरी बनवलेला टायर-तापमान सेन्सर लावला होता. स्वस्तातली एमएलएक्स९०६१४ चिप, वर थ्रीडी प्रिंटेड डबी. स्क्रीनवर ८४.३ अंश. तो म्हणाला, "ग्रिप सुटतेय असं वाटतंय रे. पण तुझा आकडा ठीक दिसतोय." अजून एक लॅप मारली. वळणावर गाडी गर्रकन फिरली. नशीब, त्याला काही झालं नाही.

इन्फ्रारेडला रबराचा फक्त पृष्ठभाग दिसतो, आतली उष्णता नाही. मला हे माहीत होतं. तरी तो '.३' ठेवला, कारण भारी दिसत होता. हे खोटं बोलणंच ना? आता स्क्रीनवर फक्त गार, ठीक, गरम एवढंच येतं. तो अजूनही विचारतो, "पण नेमकं किती?"