आधी आपला हात आवरावा

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातले दोन मित्र जावामध्ये प्रोजेक्ट करत होते. एकाने विद्यार्थ्यांची गुणवत्ता यादी तयार करायची, दुसऱ्याने ती स्क्रीनवर दाखवायची, अशी वाटणी होती.

पहिल्याला आपल्या यादीची फार काळजी. "हिला तू हात लावायचा नाहीस," असं बजावून त्याने ती ‘कलेक्शन्स.अनमॉडिफायेबललिस्ट’मधून मित्राला दिली. मित्राने तीत एक नाव घालून पाहिलं, तर प्रोग्रॅम ‘अनसपोर्टेडऑपरेशनएक्सेप्शन’ देऊन थांबला. पहिला निर्धास्त झाला.

सादरीकरणाच्या आदल्या दिवशी पाहतात तो पहिल्या क्रमांकावर भलतंच नाव! "तूच काहीतरी केलंस," म्हणत तो मित्रावर उखडला. भांडण लॅबमधल्या मॅडमपर्यंत गेलं.

"त्याला यादी बदलता येतच नव्हती ना?" मॅडमनी विचारलं. "मग मूळ यादी कुणाकडे आहे?"

"माझ्याकडे, मॅडम."

"तिचं तू काय केलंस?"

तो गप्प झाला. हजेरीपटासाठी त्याने तीच यादी आडनावांप्रमाणे ‘सॉर्ट’ केली होती.

मॅडम म्हणाल्या, "अनमॉडिफायेबललिस्ट यादीची प्रत काढत नाही. ती मूळ यादीवर बसवलेली काच आहे. बाहेरच्याचा हात आत जात नाही, पण तू आत काही हलवलंस की बाहेर तेच दिसतं. 2018 मध्ये आलेल्या जावा 10 पासून ‘लिस्ट.कॉपीऑफ’ मिळतं, ते वापर. त्या क्षणी यादी जशी असेल तशी ते उतरवून घेतं. मागाहून मूळ यादीचा क्रम कितीही फिरव, दिलेली यादी बदलत नाही. पण एवढ्यावर थांबू नकोस. प्रतीतही विद्यार्थ्यांचे ऑब्जेक्ट तेच असतात. त्यांतले गुण बदलता येत असतील, तर नुसता क्रम जपून काय उपयोग? म्हणून विद्यार्थ्यासाठी ‘रेकॉर्ड’ लिही. त्यात एकदा भरलेले गुण बदलता येत नाहीत. गुण सुधारायचे तर नवा रेकॉर्ड कर, आडनावांचा क्रम हवा तर नवी यादी कर. जुनीला धक्का लावू नकोस."

त्याने मित्राची माफी मागितली आणि दोघांनी मिळून कोड दुरुस्त केला. दुसऱ्या दिवशी गुणवत्ता यादी आणि हजेरीपट दोन्ही बरोबर आले.

तात्पर्य : ‘बदलू नकोस’ असं दुसऱ्याला बजावणाऱ्याने आधी स्वतःचा हात आवरावा. जो आपणच पाळत नाही, त्या नियमाच्या भरवशावर दुसऱ्याला दोष देऊ नये.