वाफसा येईपर्यंत

आपल्या गांवांत मनुष्य मनुष्यास भेटला म्हणजे प्रथम विचारतो, "काय, बरें आहे ना?" आणि उत्तर येतें, "बरें आहे." या प्रश्नोत्तरांत सहसा कोणी फारसा अर्थ पाहत नाहीं, तो केवळ शिष्टाचार होय. परंतु नुकत्याच मोठ्या दुखण्यांतून उठलेल्या मनुष्यास हाच प्रश्न केला, तर त्याचें उत्तर शिष्टाचाराचें राहत नाहीं. तें खरें असेल किंवा खोटें असेल, आणि त्याच्या खरेपणावर कधीं कधीं एक जीव अवलंबून असतो. याविषयीं आमच्या वाचकांपुढें आज थोडा विचार मांडावा असें आम्हांस वाटतें. तो कां सुचला, हें प्रथम सांगणें प्राप्त आहे.

आमच्या परिचयाच्या एक वृद्ध बाई आहेत. त्यांचें जवळजवळ सारें आयुष्य गोवऱ्या, तुराट्या व पऱ्हाट्या यांवर पेटणाऱ्या चुलीपुढें गेलें. विडी त्यांनीं कधीं ओढली नाहीं. तरी गेलीं दहा-बारा वर्षें त्यांस बारमाही खोकला असे आणि थोडा चढ आला कीं दम लागे. डॉक्टरांनीं तपासून सांगितलें होतें कीं, धुरानें श्वासनलिका कायमच्या अरुंद झाल्या आहेत. हा रोग आटोक्यांत ठेवतां येतो, समूळ जात नाहीं. तोंडानें ओढून घ्यावयाचें औषध त्यांस मिळालें होतें. तें त्या आठवण झाली म्हणजे घेत. दोन वर्षांमागें श्रावणांत त्यांस हुडहुडी भरून ताप आला, कुशींत कळ येऊं लागली, आणि तिसऱ्या दिवशीं त्या नातवासही ओळखीनाशा झाल्या. तालुक्याच्या दवाखान्यांत न्यूमोनिया असल्याचें ठरलें. शिरेंतून औषधें व नळीनें प्राणवायु देऊन नऊ दिवसांनीं त्यांस घरीं पाठविण्यांत आलें.

ताप गेला होता. शेजारच्या बाया भेटीस आल्या, आम्हीही गेलों. आम्ही म्हणालों, "मावशी, आतां तुम्ही अगदीं ठणठणीत दिसतां. पाहतां पाहतां पूर्वीसारख्या कामाला लागाल." त्या हंसल्या व म्हणाल्या, "बरें आहे, दादा." खुरपणीचे दिवस होते, सुनेस रोज बुडवितां येत नव्हता. आठव्या दिवशीं बाईंनीं पाण्याचा हंडा उचलला, दहाव्या दिवशीं त्या खुरपें घेऊन शेतांत गेल्या. कोणीं विचारलें कीं उत्तर ठरलेलें, "बरें आहे." त्यानंतर पंधरवड्यानें त्या बांधावर बसल्या, त्या स्वतः उठल्या नाहींत. ओंठ निळे पडले होते. पुन्हां तोच दवाखाना, पुन्हां तीच नळी. त्यांतूनही त्या वांचल्या. आम्ही त्यांस विचारलें, "मावशी, इतका दम लागत होता, तर सांगितलें कां नाहीं?" त्यांनीं थांबत थांबत उत्तर दिलें, "तुम्हां सगळ्यांना मी बरी झालें असेंच ऐकायचें होतें, दादा. मग तेंच सांगितलें."

तें ऐकून आम्हांस लाज वाटली. बाई खोटें बोलल्या, यांत संशय नाहीं. परंतु तें खोटें कोणाच्या मागणीवरून तयार झालें? खरें ऐकण्याची आमची तयारी नाहीं असें ज्यास आम्ही आमच्या आनंदी चेहऱ्यानें दाखवितों, तो खोटें बोलला तर दोष सारा त्याच्याच पदरीं घालावा काय? आणि दुसऱ्या बाजूनें, घरच्यांस भार होऊं नये म्हणून आपला दम लपविणें हा सद्गुण आहे काय? या दोन प्रश्नांचा निकाल लावण्यापूर्वीं शरीरांत काय घडतें, तें समजून घेतलें पाहिजे.

आपल्या फुप्फुसांत श्वासनलिकांच्या टोकांशीं हवेच्या अतिशय बारीक पिशव्या असतात. त्यांची संख्या कोट्यवधि आहे. त्यांच्या पातळ पडद्यांतून प्राणवायु रक्तांत जातो. न्यूमोनियांत जंतूंच्या उपद्रवामुळें या पिशव्यांत पाणी व पू भरतो. औषधानें जंतु मरतात, ताप उतरतो. पण जें सांचलें तें त्याच दिवशीं निघून जात नाहीं. शेतकऱ्यास हें फोडून सांगण्याचें कारण नाहीं. मुसळधार पाऊस थांबला म्हणून त्याच सकाळीं कोणी औत जुंपीत नाहीं. पाणी मुरावें लागतें, मातींत हवा खेळावी लागते, वाफसा यावा लागतो. वाफशावांचून जो औत घालतो त्याचे बैल रुततात आणि जमीनही बिघडते. ताप उतरणें म्हणजे पाऊस थांबणें होय; तो वाफसा नव्हे.

आतां सर्व जमिनींस वाफसा एकाच दिवशीं येत नाहीं. मुरमाड रानांत तो लौकर येतो, चिबड रानांत पाणी आठवडेच्या आठवडे हटत नाहीं. चुलीचा धूर, विडी-सिगारेट, दगडाच्या खाणींतील धूळ, किंवा पूर्वीं होऊन गेलेला क्षय यांनीं ज्याचीं फुप्फुसें आधींच बिघडलीं आहेत, त्याची छाती चिबड रानासारखी समजावी. निरोगी श्वासनलिकांत केंसांहूनही बारीक असे तंतु असतात व ते कफास सतत वर लोटीत असतात. धुरानें ते तंतु निकामी होतात. त्यामुळें पाऊस तितकाच पडला तरी निचरा होत नाहीं.

इंग्लंडांत आरोग्यविषयक मार्गदर्शन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेनें इ. स. २०१४ मध्यें न्यूमोनियाच्या रुग्णांस काय सांगावें हें ठरवून दिलें. त्याचा सारांश असा: सुमारें एका आठवड्यांत ताप जावा, चार आठवड्यांनीं छातींतील दुखणें व कफ पुष्कळ कमी व्हावा, सहा आठवड्यांनीं खोकला व धाप पुष्कळ कमी व्हावी, तीन महिन्यांनीं बहुतेक लक्षणें गेलेलीं असावीं, तरी थकवा राहूं शकतो, आणि बहुतेकांस पूर्ववत् वाटावयास सहा महिने लागतात. हा हिशेब सर्वसाधारण रुग्णांचा झाला. जुनाट फुप्फुसरोग असलेल्यास याहूनही अधिक काळ लागतो, आणि कित्येकांस पूर्वीची पायरी पुन्हां मिळतच नाहीं. आमच्या त्या बाईंस आम्हीं दहाव्या दिवशीं पूर्वीसारखें पाहूं इच्छिलें होतें!

येथें कोणी म्हणेल, "रोग्यास असें स्पष्ट सांगितलें तर तो खचेल, त्यास धीर देणें हा धर्मच आहे." धीर देणें हा धर्म खरा, पण धीर देणें निराळें आणि घाई करणें निराळें. "लौकर बऱ्या व्हा" हें आपण बोलतों, तेव्हां त्यांत पुष्कळदां आपलीच सोय लपलेली असते. घरांतील काम अडलें आहे, सेवाशुश्रूषेचा कंटाळा आला आहे, दुसऱ्याचें दुखणें पाहून आपलें मन उदास होतें. हें सर्व संपावें म्हणून आपण त्याच्या तोंडून "बरें आहे" वदवून घेतों. कित्येक तर याहूनही कठोर होऊन म्हणतात कीं, विश्वास दृढ असता तर हा केव्हांच उठता. ज्याच्या पिशव्यांत अद्याप पाणी आहे, त्याच्या विश्वासाचें माप त्याच्या धापेवरून काढणें हा अन्याय होय. खरा धीर असा असतो: "वेळ लागेल, तितका वेळ आम्ही थांबूं."

दुसरा कोणी म्हणेल, "विश्रांतीच्या नांवाखालीं मनुष्य आळशी होईल." या म्हणण्यांत तथ्य आहे, व तें आम्ही नाकारीत नाहीं. केवळ अंथरुणावर पडून राहिल्यानें हातापायांचें बळ जातें आणि थोड्या हालचालीनेंही अधिक दम लागूं लागतो. म्हणून डॉक्टर अशा रोग्यांस चालावयास सांगतात, परंतु मापानें. आज ओट्यापर्यंत, चार दिवसांनीं अंगणापर्यंत, पुढें वेशीपर्यंत. दम लागला तर थांबावें. नाकानें श्वास घ्यावा व ओंठ मिटत आणून, दिव्याची ज्योत हालेल पण विझणार नाहीं अशा बेतानें हळूहळू सोडावा. चालतां चालतां बोलतां येत असेल तर चाल बेताची आहे असें समजावें. आळशी मनुष्य आपलें बळ वापरीत नाहीं. उतावळा तें उधळतो. शहाणा त्याचा हिशेब ठेवतो. ज्याच्या पदरीं थोडें धान्य आहे त्यानें मापून दळणें यास कोणी आळस म्हणत नाहीं.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे. पूर्वींचे कांहीं पाश्चात्य वैद्य न्यूमोनियास म्हाताऱ्यांचा मित्र म्हणत. कारण जर्जर देहास तो थोडक्यांत सोडवितो. आपल्याकडेही कोणी हळूच म्हणतो, "ज्याचा श्वास पुरता येत नाहीं, ज्याच्यानें काम होत नाहीं, त्यानें आणखी जगून काय करावें?" हा विचार रोग्याच्या मनांतही येतो, व पुष्कळदां तो घरच्यांच्या चेहऱ्यावरून त्यास सुचतो. आमचें उत्तर असें आहे: मनुष्याची किंमत त्याच्या रोजावरून ठरत असती, तर तान्ह्या मुलास आपण कां सांभाळावें? कामाची शक्ति ही मनुष्याजवळची एक वस्तु आहे. तीच मनुष्य नव्हे. हें जर खरें, तर दम कमी झाला म्हणून माणूसपण कमी झालें नाहीं, आणि आपला कमी झालेला दम सांगण्यांत लाजेचें कांहीं उरत नाहीं.

या ठिकाणीं एका फ्रेंच वैद्याची आठवण होते. लाएनेक यानें इ. स. १८१६ मध्यें पॅरिस येथें एका रुग्ण स्त्रीची छाती तपासतांना कागदाची सुरळी करून कानास लावली. तिच्यापासून पुढें लांकडाची नळी झाली, आणि आजच्या डॉक्टरांच्या गळ्यांतील यंत्राचें मूळ तेंच होय. न्यूमोनियांत छातींतून कसे आवाज येतात, हें त्यानें इ. स. १८१९ च्या आपल्या ग्रंथांत बारकाईनें लिहिलें. तो स्वतः प्रकृतीनें दुर्बळ होता. ग्रंथ पुरा होतांच थकून तो आपल्या गांवाकडे ब्रिटनी प्रांतांत गेला, दोन वर्षें तेथें राहिला, व मग पुन्हां कामावर आला. इ. स. १८२६ मध्यें तो क्षयानें वारला. लोकांची छाती ऐकणाऱ्या या मनुष्यास स्वतःच्या छातीचें ऐकून मागें सरण्यांत कमीपणा वाटला नाहीं. रोग्याच्या तोंडून जें निघत नाहीं तें ऐकण्यासाठीं त्यानें नळी केली. घरच्यांस नळीची गरज नाहीं, थोडें थांबून ऐकलें म्हणजे पुरे.

तर मग निकाल काय? रोग्याचें पहिलें कर्तव्य खरें सांगणें हें होय. आपला दम लपविणें हा त्याग दिसतो. पण त्यानें शेवटीं घरावर दुप्पट भार पडतो, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें. औषधांची ठरलेली मुदत पुरी करावी. ओढून घ्यावयाचें औषध बरें वाटत असतांही रोज घ्यावें. न्यूमोनियाची व इन्फ्लुएन्झाची लस घेण्याविषयीं डॉक्टरांस विचारावें. सुमारें सहा आठवड्यांनीं पुन्हां दाखवावयास जावें; विडी ओढणाऱ्यांनीं व पन्नाशी उलटलेल्यांनीं तर छातीचा फोटो पुन्हां काढावयाचा कीं काय हें विचारावेंच. घरीं प्राणवायु दिला असेल, तर त्याचा प्रवाह आपल्या मनानें वाढवूं नये. अशा रोग्यांपैकीं कित्येकांस तो अधिक झाल्यानेंही अपाय होतो. ताप परत आला, कफाचा रंग बदलला, धाप वाढली, तर त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावें. एक वाक्य एका दमांत पुरें होईना, ओंठ निळे पडले किंवा भ्रम होऊं लागला, तर क्षणभरही थांबूं नये.

घरच्यांचें कर्तव्य असें कीं, खरें सांगणाऱ्यास तें महाग पडूं देऊं नये. इ. स. २०१६ पासून उज्ज्वला योजनेमुळें पुष्कळ गरीब घरीं गॅसची शेगडी आली. तरी सिलिंडर संपला म्हणजे कोपऱ्यांतील चूल पेटतेच. ज्या घरांत असा रोगी आहे, तेथें निदान चूल बाहेर न्यावी व त्या खोलींत कोणीं विडी पेटवूं नये. त्याचा हंडा दुसऱ्यानें भरावा, आणि तो भरल्याचें बोलून दाखवूं नये. शेजाऱ्यांनीं खुरपणीच्या दिवसांत अशा घरास एक दोन रोज हात दिला, तर तें दहा भेटींहून अधिक होईल.

त्या बाई आज आहेत. पूर्वीसारख्या नाहींत, शेतांत त्या पुन्हां गेल्या नाहींत. ओट्यावर बसून धान्य निवडतात, शेंगा सोलतात, नातवाचा पाढा ऐकतात. आम्ही जातों तेव्हां "बरें आहे ना?" असें आतां विचारीत नाहीं. "मावशी, आज कुठवर?" असें विचारतों. कधीं त्या म्हणतात, "आज वेशीपर्यंत." मागच्या पावसाळ्यांत एके दिवशीं म्हणाल्या, "आज कुठेंच नाहीं, दादा. आज दम नाहीं." सुनेनें तें ऐकलें, कांहीं न बोलतां हातांतील काम ठेवलें आणि सासूच्या पाठीशीं उशी लावली.