पुन्हा रचलेली लगोरी

लगोरीत सात ठिकऱ्यांची उतरंड आधी फोडायची आणि मग चेंडूचा मार चुकवत पुन्हा रचायची. कोसळलेलं उभं करता येतं, हा धडा मुलं इथे हसतखेळत गिरवतात. तो टिकायचा तर आपण कौतुक कशाचं करतो, हेही महत्त्वाचं. मानसशास्त्रज्ञ क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसलं, की ‘हुशार’ म्हणून गौरवलेली मुलं अपयशानंतर लवकर खचली. मेहनतीबद्दल शाबासकी मिळालेली मुलं मात्र चिकाटीनं टिकली. कुणी म्हणेल, हरल्यावर मुलं हिरमुसतात, मग खेळातून सकारात्मकता कशी येणार? पण हिरमुसणं वाईट नाही. त्यातून सावरायला पुढचा डाव लगेच मिळतो, हेच खेळाचं मोल. म्हणून मुलं घरी परतली की ‘जिंकलात का?’ याऐवजी ‘पुन्हा कसं रचलंत?’ असं विचारूया.