स्टेजखालून आलेला उपरोध

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'कीचकवध' 1907 साली रंगभूमीवर आलं. गोष्ट विराटाच्या दरबारातली; पण प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन ओळखला, सैरंध्रीत गांजलेला देश, कंकभटाच्या सबुरीत मवाळ आणि बल्लवाच्या संतापात जहाल. 1910 मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. खाडिलकरांनी अज्ञातवासातल्या पांडवांचीच कथा निवडली, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. नाटकातली माणसं वेश पालटून राहत होती आणि नाटकाचं राजकारणही.

पुढे परका राजा गेला, तरी सोंगाची गरज उरलीच. तेंडुलकरांनी 1972 च्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये पेशवाईचा पडदा लावून आपल्याच काळातली सत्ता दाखवली: स्वतःच्या सोयीसाठी राक्षस उभा करणारी आणि काम झालं की त्याला जमावापुढे टाकणारी.

त्याच वर्षी शहाद्यात वेगळंच काही घडत होतं. शहादा ज्यात येतो तो नंदुरबार जिल्हा 1998 चा. 1972 मध्ये हा भाग धुळे जिल्ह्यात होता. जमिनी हातच्या गेलेले, सालदारकीत अडकलेले भिल्ल श्रमिक संघटनेत एकत्र येत होते. त्या चळवळीत वाहरू सोनवणे घडले. 'गोधड' या संग्रहाचे हे कवी. त्यांची 'स्टेज' ही कविता मी पुन्हा पुन्हा वाचतो.

तिच्यात राजा नाही, पुराण नाही, मुखवटाही नाही. एक सभा आहे. काही माणसांना स्टेजवर कुणी बोलावत नाही, हाताच्या इशाऱ्याने त्यांची खालची जागा दाखवली जाते. मग वरची मंडळी त्यांना त्यांचंच दुःख समजावून सांगतात. खालून शंका पुटपुटली गेली, तर वरून दम मिळतो. दुःख ज्याचं होतं त्याच्याकडेच राहतं. यात रूपक उलगडावं लागत नाही. कोण कुठे बसलंय एवढं पाहिलं की पुरे.

आणि वरचे लोक शत्रू नाहीत, कैवारी आहेत. म्हणून उपरोधाचा हा टप्पा मला 'घाशीराम'पेक्षाही अवघड वाटतो. शत्रूवर आसूड ओढला तर आपली माणसं टाळ्या वाजवतात. सोबत्यांना आरसा दाखवणाऱ्याला त्या मिळत नाहीत. तरीही सोनवणे चळवळीतून उठून गेले नाहीत. पुढे आदिवासी एकता परिषदेच्या कामात राहिले. त्यांच्या उपरोधाचं बळ मला या टिकून राहण्यात दिसतं.

आज नंदुरबारची लोकसभेची जागा आणि जिल्ह्यातल्या चारही विधानसभा जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. स्टेजवर आदिवासी नेता असतो, समोर मंडपात आदिवासीच. हा बदल लढून मिळालाय, मोलाचा आहे. पण इशारा करणारा हात आता आपल्याच माणसाचा असेल, तर तो दाखवणारी कविता कोण लिहील? धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या एखाद्या मुलीने ती पावरीत किंवा भिलोरीत लिहावी, अशी माझी फार इच्छा आहे.